टेम्पोरल सर्व्हर लॅपटॉपवर: कंटेनरमध्ये उभा करा, मग वर्कर बंद पाडून बघा

ऑर्डर आली. ग्राहकाच्या खात्यातून पैसे गेले. आता गोदामात हापूसची एक पेटी त्याच्या नावाने राखून ठेवायची, तेवढ्यात मशीन रीस्टार्ट झालं. ती ऑर्डर आता नेमकी कुठे आहे?

या प्रश्नाचं उत्तर मी एकदा रात्री साडेबारा वाजता लॉग चाळून शोधलं आहे. पैसे घेतलेल्या पण पेटी न राखलेल्या ऑर्डरी हाताने वेगळ्या काढल्या, स्क्रिप्ट पुन्हा चालवली, आणि काही जणांना तोच मेसेज दोनदा गेला. पुढच्या आठवड्यात टेबलात ‘स्टेटस’चा कॉलम आला, मग ‘कितवा प्रयत्न’ हा कॉलम आला, मग दर पाच मिनिटांनी अडकलेल्या ऑर्डरी उचलणारा क्रॉन (ठराविक वेळेला आपोआप चालणारं काम) आला. बहुतेक टीममध्ये हे असंच वाढत जातं, आणि मूळ कामापेक्षा ही राखणदारीच मोठी होऊन बसते.

वर्कफ्लो ऑर्केस्ट्रेशन सर्व्हर ही राखणदारी स्वतःकडे घेतो. कुठली पायरी झाली, कुठली राहिली, कुठली फसली आणि पुन्हा कधी करायची, हे तो लिहून ठेवतो. टेम्पोरल हा असाच एक सर्व्हर. तो आपण आपल्याच लॅपटॉपवर कंटेनरमध्ये (प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेला, बाकी मशीनपासून वेगळा चालणारा डबा) उभा करू, त्यावर एक छोटी ऑर्डर चालवू आणि ती अर्ध्यात मुद्दाम मोडू. मोडण्याचा भाग गाळू नका. सर्व्हर उभा करायला फार वेळ लागत नाही, पण तो कशासाठी आहे हे वर्कर, म्हणजे आपला कोड चालवणारा प्रोग्राम, बंद पाडल्यावरच कळतं.

टेम्पोरलच का, तर त्यामागे बराच अनुभव आहे. मॅक्सिम फतीव अ‍ॅमेझॉनच्या सिंपल वर्कफ्लो सर्व्हिसवर काम करत होते. पुढे त्यांनी आणि समर अब्बास यांनी उबरमध्ये केडन्स नावाची प्रणाली बांधली, आणि २०१९ मध्ये तिच्यापासूनच टेम्पोरल वेगळं काढलं. सर्व्हर गो भाषेत लिहिलेला आहे आणि परवाना एमआयटीचा आहे, त्यामुळे लॅपटॉपवर चालवायला खातं उघडावं लागत नाही की कार्ड द्यावं लागत नाही. तुमचं काम रोज रात्री डेटा उचलून वेअरहाऊसमध्ये टाकण्याचं असेल, तर एअरफ्लो हे दुसरं ऑर्केस्ट्रेशन साधन जास्त सोयीचं पडेल. पण त्याची अधिकृत कंपोज फाईल (कोणते कंटेनर एकत्र चालवायचे ते लिहिलेली) डॉकरसाठी, म्हणजे कंटेनर चालवणाऱ्या प्रोग्रामसाठी, किमान ४ जीबी मेमरी मागते. टेम्पोरलचा डेव्हलपमेंट सर्व्हर त्या मानाने फार हलका आहे.

कमांडबद्दल एक सूचना. सहकाऱ्याला फोनवर सांगतो तशा मी त्या देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत, आकडेही इंग्रजी ठेवून टाइप करा. डॅश, कोलन आणि तिरकी रेघ जिथे दिसतील तिथे जशाच्या तशा हव्यात.

सर्व्हर तुमचा कोड चालवत नाही

नवीन माणसाची सगळ्यात मोठी चूक इथे होते, म्हणून कंटेनरच्या आधी हे सांगते. आपल्याला वाटतं की कोड सर्व्हरवर टाकायचा आणि सर्व्हर तो चालवेल. तसं नाही. टेम्पोरल सर्व्हर तुमच्या कोडची एक ओळही चालवत नाही. तो रोजकीर्द ठेवतो. दुकानात रोजकीर्दीत नोंद वर खाली होत नाही, खोडली जात नाही, फक्त पुढे लिहिली जाते, तशीच प्रत्येक वर्कफ्लोची एक हिस्टरी असते: वर्कफ्लो सुरू झाला, पैसे घ्यायचं काम रांगेत लावलं, ते पूर्ण झालं, टायमर लावला, टायमर संपला.

कोड चालवतो तो वर्कर. वर्कर म्हणजे तुमचाच साधा प्रोग्राम. तो सर्व्हरला सतत विचारत असतो, ‘माझ्या रांगेत काही काम आहे का?’ त्या रांगेला टास्क क्यू म्हणतात. सर्व्हर कधी आपणहून वर्करला हाक मारत नाही, त्यामुळे वर्करला स्वतःचं पोर्ट उघडावं लागत नाही.

कोडचेही दोन भाग पडतात. वर्कफ्लो म्हणजे पायऱ्यांचा क्रम: आधी हे, मग ते, मग एक मिनिट थांब. अ‍ॅक्टिव्हिटी म्हणजे बाहेरच्या जगाला हात लावणारं काम: पेमेंट, डेटाबेस, एसएमएस. ही वाटणी डोक्यात बसली की पुढचं सगळं सोपं आहे.

तयारी

विंडोज किंवा मॅकवर डॉकर डेस्कटॉप घ्या. विंडोजवर तो साधारणपणे डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) वर चालतो, म्हणून आधी ते चालू असायला हवं. लिनक्सवर डॉकर इंजिन आणि कंपोज प्लगिन पुरेसं आहे. ऑफिसच्या लॅपटॉपवर टाकण्याआधी एक बघा: डॉकर डेस्कटॉप वैयक्तिक वापराला आणि छोट्या कंपन्यांना मोफत आहे. २५० किंवा जास्त कर्मचारी, किंवा वार्षिक उलाढाल १ कोटी डॉलरच्या वर असलेल्या कंपनीला पैसे भरून परवाना घ्यावा लागतो. तशी अडचण असेल तर पॉडमन किंवा रँचर डेस्कटॉप आहे.

जुन्या लेखांत ‘डॉकर-कंपोज’ असं मध्ये डॅश देऊन लिहिलेलं सापडेल. ती पहिली आवृत्ती, तिला २०२३ च्या जुलैपासून अपडेट येत नाहीत. आता मध्ये मोकळी जागा सोडून ‘डॉकर कंपोज’ लिहायचं.

एका ओळीत सर्व्हर

डॉकर रन --आरएम -पी ७२३३:७२३३ -पी ८२३३:८२३३ टेम्पोरलआयओ/टेम्पोरल:लेटेस्ट सर्व्हर स्टार्ट-डेव्ह --आयपी ०.०.०.०

इमेज (कंटेनरचा तयार साचा) उतरली की ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचं ८२३३ पोर्ट उघडा. वर्कफ्लोची रिकामी यादी दिसली की सर्व्हर उभा राहिला. ७२३३ हे वर्कर आणि क्लायंट (सर्व्हरशी बोलणारा प्रोग्राम) जोडण्याचं पोर्ट, ८२३३ आपण डोळ्यांनी बघायचं.

शेवटचा ‘--आयपी ०.०.०.०’ अनेक जण गाळतात आणि मग तासभर शोधत बसतात. डेव्हलपमेंट सर्व्हर मुळात फक्त १२७.०.०.१ वर ऐकतो. कंटेनरच्या आत १२७.०.०.१ म्हणजे तो कंटेनर स्वतः, तुमचा लॅपटॉप नव्हे. पोर्ट बाहेर काढलं तरी आत त्या दारावर कोणीच उभं नसतं. ०.०.०.० दिलं की तो बाहेरून येणारी जोडणीही घेतो.

आता कंट्रोल आणि सी दाबून तो बंद करा, पुन्हा तीच कमांड द्या. तुम्ही मध्ये काही चालवलं असतं तर ते सगळं पुसलं गेलं असतं. कारण हा सर्व्हर काही सांगितलं नाही तर एसक्यूलाइट डेटाबेस नुसता मेमरीत ठेवतो. ज्याचं काम लक्षात ठेवणं, तोच विसरला तर आपला प्रयोग फुकट. म्हणून पुढची पायरी.

कंपोज फाईल

‘आंबा-ऑर्डर’ असा एक फोल्डर करा आणि त्यात कंपोज फाईल बनवा. तिच्यात दोन सर्व्हिस: एक ‘टेम्पोरल’, दुसरी ‘वर्कर’.

‘टेम्पोरल’ सर्व्हिसची इमेज वरचीच. फक्त ‘लेटेस्ट’ऐवजी एक ठराविक आवृत्ती लिहा, नाहीतर आज तुमच्याकडे चालणारी गोष्ट महिन्याने मित्राच्या मशीनवर वेगळी वागेल. ‘कमांड’मध्ये सर्व्हर स्टार्ट-डेव्ह, --आयपी ०.०.०.० आणि त्यापुढे --डीबी-फाइलनेम /डेटा/टेम्पोरल.डीबी. या /डेटा जागेवर एक नाव दिलेला व्हॉल्यूम जोडा. कंटेनर गेला तरी व्हॉल्यूम राहतो, आणि त्याबरोबर रोजकीर्दही.

इथे ‘परवानगी नाकारली’ अशी चूक आली तर कारण बहुधा हे: इमेज रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) नसलेल्या वापरकर्त्याच्या नावाने चालते आणि नवा व्हॉल्यूम रूटच्या मालकीचा असतो. लॅपटॉपवरच्या सरावापुरतं त्या सर्व्हिसला ‘यूजर’ म्हणून शून्य द्या. खऱ्या सर्व्हरवर मात्र हे करू नका, तिथे फोल्डरची मालकी बदला.

पोर्ट लिहिताना मी नेहमी पुढे पत्ता लावते:

१२७.०.०.१:७२३३:७२३३

नुसतं ७२३३:७२३३ लिहिलं तर डॉकर ते पोर्ट तुमच्या मशीनच्या सगळ्या नेटवर्कवर उघडतो. या डेव्हलपमेंट सर्व्हरला पासवर्ड नाही. त्यामुळे ऑफिसच्या किंवा होस्टेलच्या वायफायवरचा कोणीही तुमच्या ऑर्डरी बघू शकतो, बंदही करू शकतो. लिनक्सवर यूएफडब्ल्यू फायरवॉल लावलं आहे म्हणून निर्धास्त राहू नका. डॉकर आपले नियम थेट आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या मूळ फायरवॉल नियमांत) घालतो आणि यूएफडब्ल्यूला वळसा घालून पोर्ट उघडतं.

‘वर्कर’ सर्व्हिसमध्ये ‘बिल्ड’ला चालू फोल्डर द्या, आणि ‘टेम्पोरल_अ‍ॅड्रेस’ नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, किंमत ‘टेम्पोरल:७२३३’. कंपोजच्या नेटवर्कमध्ये सर्व्हिसचं नाव हाच तिचा पत्ता असतो. इथे लोकलहोस्ट लिहिलंत तर वर्कर स्वतःच्याच कंटेनरमध्ये सर्व्हर शोधेल आणि ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणून बंद पडेल. टेम्पोरल शिकताना कंटेनरमुळे अडलेल्या जितक्या जणांना मी मदत केली, त्यातले निम्म्याहून जास्त याच जागी अडलेले होते.

वर्करने सर्व्हर तयार होईपर्यंत थांबायला हवं. ‘डिपेंड्स_ऑन’ नुसतं लिहिलं तर कंपोज फक्त कंटेनर सुरू झाला का ते बघतो, आतला सर्व्हर तयार आहे का ते बघत नाही. म्हणून टेम्पोरलला ‘हेल्थचेक’ लावा: आत ‘टेम्पोरल ऑपरेटर क्लस्टर हेल्थ’ ही कमांड चालवायची. वर्करच्या ‘डिपेंड्स_ऑन’मध्ये अट ‘सर्व्हिस_हेल्दी’.

वर्करचा कोड

मी पायथन घेते. गो, जावा, टाइपस्क्रिप्ट, डॉटनेट यांपैकी काही येत असेल तर तेही चालेल, कल्पना तीच.

डॉकरफाईल चार ओळींची आहे, पण पायथनची ‘स्लिम’ इमेज घ्या, ‘अल्पाइन’ नको. टेम्पोरलच्या पायथन लायब्ररीचा गाभा रस्टमध्ये आहे. तयार पॅकेज मिळतं ते जीलिबसी ही सी भाषेची मूळ लायब्ररी असलेल्या लिनक्ससाठी, आणि अल्पाइनमध्ये तिच्या जागी मसल असतं. इमेज थोडी लहान होईल म्हणून अल्पाइन घ्यायला गेलात तर बिल्डच अडेल. दुसरं, ‘पायथनअनबफर्ड’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल मोठ्या अक्षरांत लिहून १ ठेवा. नाहीतर प्रिंट केलेल्या ओळी बफरमध्ये अडकून राहतात आणि लॉग कोरा दिसतो. आपला पुढचा सगळा प्रयोग लॉग बघण्यावर आहे.

कोडमध्ये तीन अ‍ॅक्टिव्हिटी लिहा: पैसे घे, पेटी राख, निरोप पाठव. प्रत्येकीवर ‘अ‍ॅक्टिव्हिटी डॉट डेफ्न’ हा डेकोरेटर, आत नुसतं प्रिंट: ‘ऑर्डर १०१: पैसे घेतले’. खरं पेमेंट गेटवे लावायची आत्ता गरज नाही. वर्कफ्लो हा क्लास, त्यावर ‘वर्कफ्लो डॉट डेफ्न’, आतल्या मुख्य फंक्शनवर ‘वर्कफ्लो डॉट रन’. तो ऑर्डरचा आकडा घेतो आणि क्रमाने करतो: पैसे घे, ६० सेकंद थांब, पेटी राख, निरोप पाठव.

अ‍ॅक्टिव्हिटी थेट फंक्शनसारखी हाक मारून चालवायची नाही. ‘वर्कफ्लो डॉट एक्झिक्यूट_अ‍ॅक्टिव्हिटी’मधून मागवायची आणि ‘स्टार्ट_टू_क्लोज_टाइमआऊट’ द्यायचं, म्हणजे एका प्रयत्नाला जास्तीत जास्त किती वेळ. आपण ३० सेकंद देऊ. थांबण्यासाठी नेहमीचं ‘असिंकआयओ डॉट स्लीप’ वापरता येतं. वर्कफ्लोच्या आत त्याचा अर्थ बदलतो. ते ६० सेकंद वर्करच्या मेमरीत मोजले जात नाहीत, सर्व्हरवर टायमर लागतो. ६० सेकंदांच्या जागी ६० दिवस लिहिले तरी वर्करवर त्याचं ओझं नाही.

शेवटी वर्कर: क्लायंट जोडायचा, टास्क क्यूचं नाव ‘ऑर्डर्स’ द्यायचं, वर्कफ्लो आणि तिन्ही अ‍ॅक्टिव्हिटी नोंदवायच्या, चालवायचं. सर्व्हरचा पत्ता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घ्या आणि ते नसेल तर लोकलहोस्ट:७२३३ धरा. मग तोच कोड कंटेनरबाहेर, तुमच्या एडिटरमधूनही चालतो.

डॉकर कंपोज अप -डी --बिल्ड

डॉकर कंपोज लॉग्ज -एफ वर्कर

दुसऱ्या टर्मिनलमधून ऑर्डर सुरू करा:

डॉकर कंपोज एक्झेक टेम्पोरल टेम्पोरल वर्कफ्लो स्टार्ट --टाइप ऑर्डरवर्कफ्लो --टास्क-क्यू ऑर्डर्स --वर्कफ्लो-आयडी ऑर्डर-१०१ --इनपुट १०१

‘टेम्पोरल’ दोनदा आहे ते चुकून नाही. पहिलं सर्व्हिसचं नाव, दुसरी आतली कमांड. ‘टाइप’ला तुमच्या क्लासचं नाव अक्षरशः तसंच, लहान-मोठ्या अक्षरांसकट. वर्कफ्लो आयडी विचार करून द्यायचा असतो: एका आयडीचा वर्कफ्लो चालू असताना त्याच आयडीचा दुसरा सुरू होत नाही. ग्राहकाने बटण दोनदा दाबलं तरी ऑर्डर एकच, हे यातूनच फुकट मिळतं.

लॉगमध्ये ‘पैसे घेतले’ येईल, मिनिटभराने ‘पेटी राखली’ आणि ‘निरोप पाठवला’. ब्राउझरमध्ये ऑर्डर-१०१ उघडून हिस्टरी एकदा ओळीने वाचा.

आता वर्कर बंद पाडा

ऑर्डर-१०२ सुरू करा. ‘पैसे घेतले’ दिसलं की लगेच:

डॉकर कंपोज किल वर्कर

‘स्टॉप’ नाही, ‘किल’. स्टॉप आधी प्रोग्रामला आवराआवर करायला १० सेकंद देतो. किल वीज गेल्यासारखं क्षणात थांबवतो, आणि आपल्याला वीज गेलेलीच बघायची आहे.

आता दोन मिनिटं काही करू नका. ब्राउझरमध्ये ऑर्डर-१०२ उघडी ठेवा. वर्कफ्लो ‘रनिंग’च दिसतो. तो चालवणारा प्रोग्राम जगात कुठेही चालू नाही, तरीही ‘रनिंग’. ६० सेकंद झाले की हिस्टरीत ‘टायमर फायर्ड’ अशी नोंद पडते, कारण घड्याळ सर्व्हरकडे होतं. त्याच्यापुढे ‘वर्कफ्लो टास्क शेड्यूल्ड’: काम रांगेत लागलं, घेणारा नाही. मध्ये एखादी ‘टाइम्ड आऊट’ची नोंद दिसली तर घाबरू नका. सर्व्हर आधी त्याच जुन्या वर्करच्या खास रांगेत काम लावून बघतो, कारण त्याच्याकडे वर्कफ्लो मेमरीत तयार असतो. तिथून उत्तर आलं नाही की तो काम सगळ्यांच्या रांगेत लावतो.

डॉकर कंपोज स्टार्ट वर्कर

लॉग बघत राहा. ‘पेटी राखली’, ‘निरोप पाठवला’. ‘पैसे घेतले’ पुन्हा आलं नाही. नवा वर्कर उठला तेव्हा त्याला ऑर्डर-१०२ बद्दल काहीच माहीत नव्हतं. सर्व्हरने त्याला हिस्टरी दिली, त्याने वर्कफ्लोचा कोड पहिल्या ओळीपासून चालवला, आणि जिथे ‘पैसे घे’ आलं तिथे खरी अ‍ॅक्टिव्हिटी न चालवता रोजकीर्दीतलं उत्तर उचललं. याला रिप्ले म्हणतात. स्टेटसचा कॉलम नाही, क्रॉन नाही.

रिप्ले डोळ्यांनी बघायचा असेल तर वर्कफ्लोच्या आत, अ‍ॅक्टिव्हिटीत नव्हे, पहिल्या ओळीला एक प्रिंट टाका, ‘--बिल्ड’ लावून पुन्हा वर आणा आणि ऑर्डर-१०३ वर हाच प्रयोग करा. ती ओळ दोनदा छापली जाईल. त्याजागी ‘वर्कफ्लो डॉट लॉगर’ वापरला तर रिप्लेच्या वेळी तो गप्प राहतो.

वर्कफ्लोच्या कोडवर जी बंधनं आहेत, ती सगळी इथूनच येतात. कोड पुन्हा चालवल्यावर त्याच वाटेने जायला हवा. म्हणून त्यात आत्ताची वेळ विचारायची नाही, यादृच्छिक आकडा काढायचा नाही, नेटवर्कवर जायचं नाही. वेळ हवी तर ‘वर्कफ्लो डॉट नाऊ’, आकडा हवा तर ‘वर्कफ्लो डॉट रँडम’. बाकी सगळं अ‍ॅक्टिव्हिटीत.

अ‍ॅक्टिव्हिटीच्या मध्यात मोडली तर

पहिला प्रयोग बघून लोक खूश होतात आणि थांबतात. पण पैशांचा धोका दुसऱ्यात आहे. ‘पैसे घे’ या अ‍ॅक्टिव्हिटीत प्रिंटनंतर २० सेकंदांची झोप टाका. खऱ्या आयुष्यात हा तो क्षण: गेटवेने पैसे कापले, पण आपल्या प्रोग्रामने सर्व्हरला ‘झालं’ अजून कळवलं नाही. बिल्ड करा, ऑर्डर-१०४ सुरू करा, ‘पैसे घेतले’ दिसल्यावर किल करा आणि वर्कर लगेच परत चालू करा.

काही सेकंद काहीच होणार नाही. सर्व्हरला वर्कर मेला हे कळत नाही, तो आपण दिलेले ३० सेकंद संपायची वाट बघतो. हा टाइमआऊट उगाच तासाचा ठेवला असता तर तासभर ऑर्डर लटकली असती. लांब चालणाऱ्या कामांसाठी म्हणूनच हार्टबीट असतं: अ‍ॅक्टिव्हिटी अधूनमधून ‘चालू आहे’ कळवते, आणि ते थांबलं की सर्व्हर लवकर जागा होतो.

३० सेकंद झाले. लॉगमध्ये पुन्हा ‘ऑर्डर १०४: पैसे घेतले’.

दोनदा. टेम्पोरल हे रोखू शकत नाही, कारण बाहेरच्या गेटवेशी काय झालं हे त्याला कळायला मार्गच नाही. पूर्ण झालेली अ‍ॅक्टिव्हिटी तो पुन्हा चालवत नाही, अर्धवट राहिलेली मात्र पुन्हा चालवतो. त्यामुळे अ‍ॅक्टिव्हिटी अशी लिहायची की दोनदा चालली तरी परिणाम एकदाच व्हावा. पेमेंटला ऑर्डरचा आयडी इडेम्पोटन्सी की (तीच विनंती पुन्हा आली हे गेटवेला ओळखू देणारी खूण) म्हणून पाठवायचा, डेटाबेसमध्ये त्या आयडीवर युनिक बंधन घालायचं. हे काम आपलंच आहे, आणि सर्व्हर कितीही चांगला असला तरी आपलंच राहतं.

फसलेल्या अ‍ॅक्टिव्हिटीचे पुढचे प्रयत्न सर्व्हर स्वतः करतो: पहिल्यांदा १ सेकंदाने, मग २, मग ४, असं दुप्पट करत जास्तीत जास्त १०० सेकंदांच्या अंतराने, आणि प्रयत्नांना मर्यादा नाही. हे प्रयत्न हिस्टरीत एकेक करून दिसत नाहीत, ‘पेंडिंग अ‍ॅक्टिव्हिटीज’मध्ये दिसतात, शेवटच्या चुकीच्या संदेशासकट. ‘काहीच होत नाही’ असं वाटलं तर आधी तिथे बघा. चुकीचा कार्ड नंबर यासारख्या पुन्हा करून न सुटणाऱ्या चुकांना ‘नॉन-रिट्रायेबल’ म्हणून खूण करा, नाहीतर बिचारा सर्व्हर प्रयत्न करतच राहील.

अडलं तर

वर्कफ्लो ‘रनिंग’ आहे, हिस्टरी दोन ओळींवर थांबली, लॉगमध्ये चूक नाही: टास्क क्यूचं नाव जुळत नाही. एका ठिकाणी ‘ऑर्डर्स’, दुसऱ्या ठिकाणी ‘ऑर्डर’. सर्व्हरच्या दृष्टीने दोन वेगळ्या रांगा, आणि यात चूक असं काही नाहीच, म्हणून तो तक्रार करत नाही. ब्राउझरमध्ये त्या टास्क क्यूच्या नावावर टिचकी मारा. तिथे एकही वर्कर दिसत नसेल तर हेच.

कोड बदलला पण वागणं जुनंच: ‘--बिल्ड’ राहिलं.

चालू वर्कफ्लो असताना पायऱ्यांचा क्रम बदलला आणि ‘नॉन-डिटरमिनिझम’ची चूक येऊ लागली: रोजकीर्दीत एक लिहिलंय, नवा कोड दुसरं म्हणतोय. वर्कफ्लो फसत नाही, अडकून राहतो. जुना कोड परत आणला तर तो पुढेही सरकतो. सराव करताना तो ‘टर्मिनेट’ करून नवा सुरू करा. खऱ्या ग्राहकांच्या ऑर्डरी असतील तर पॅचिंग आणि व्हर्जनिंग शिकल्याशिवाय चालू वर्कफ्लोच्या कोडला हात लावू नका.

वेळा साडेपाच तास मागे दिसतात: सर्व्हर यूटीसीत चालतो. शेड्यूल लावताना टाइम झोन ‘एशिया/कोलकाता’ स्पष्ट द्या. नाहीतर सकाळी ९ ला म्हणून लावलेलं काम दुपारी अडीचला चालेल.

मोठी फाईल इनपुट म्हणून पाठवली आणि नाकारली गेली: एका पेलोडला (एका वेळी पाठवलेल्या माहितीला) २ एमबीची मर्यादा आहे. फाईल बाहेर ठेवा, तिचा पत्ता पाठवा. आणि इनपुट-आउटपुट हिस्टरीत जसंच्या तसं वाचता येतं, तेव्हा सरावालाही खऱ्या ग्राहकांचे फोन नंबर वापरू नका.

आवरताना

डॉकर कंपोज डाऊन

कंटेनर जातात, व्हॉल्यूम राहतो. उद्या ‘अप’ केलं की ऑर्डरी जिथल्या तिथे. हेही एकदा करून बघा: ऑर्डर-१०५ सुरू करा, तिच्या ६० सेकंदांत वर्कर नाही तर थेट टेम्पोरल कंटेनर किल करा आणि पुन्हा चालू करा. वर्कर आपणहून जोडला जातो, ऑर्डर पूर्ण होते. सगळं पुसून नव्याने सुरू करायचं असेल तरच ‘डाऊन’ला ‘-व्ही’ जोडा. तो व्हॉल्यूमही काढतो, आणि त्यानंतर ऑर्डर-१०१ ते १०५ कुठेही सापडणार नाहीत.

हा सर्व्हर लॅपटॉपपुरताच. आतमध्ये फ्रंटएंड, हिस्टरी, मॅचिंग आणि वर्कर (हा सर्व्हरचा आतला, आपला नव्हे) असे चार भाग एकाच प्रोसेसमध्ये कोंबलेले आहेत, खाली एसक्यूलाइट. खऱ्या कामासाठी हे भाग वेगळे चालतात आणि खाली पोस्टग्रेस, मायएसक्यूएल किंवा कॅसँड्रा असतो. त्या दिशेने जायचं असेल तर कंपोजमध्ये पोस्टग्रेसची तिसरी सर्व्हिस लावून पूर्ण सर्व्हर जोडून बघा. वर्करच्या कोडमधली एकही ओळ बदलावी लागणार नाही, पत्ता तोच राहील: टेम्पोरल:७२३३.